गोल गुलाबी कर्बी: गेममधलं आवडतं पात्र क्रोशाने विणताना

मी पहिला कर्बी, म्हणजे व्हिडिओ गेममधला तो गोल गुलाबी नायक, विणला तेव्हा एकही टाका चुकला नव्हता. गोळा छान गोल झाला होता, रंग नेमका मिळाला होता, पायही लाल होते. तरी तो कर्बी वाटेना, कुठलातरी गुलाबी चेंडू वाटत होता. दोन दिवस तो टेबलावर तसाच पडून होता, येता-जाता मी त्याच्याकडे बघायचे. मग लक्षात आलं, डोळे दोन फेऱ्या वर लागले आहेत. उसवून खाली घेतले आणि एकमेकांच्या थोडे जवळ आणले, तर तोच गोळा एकदम ओळखीचा दिसायला लागला.

तेव्हापासून कुठलंही पात्र विणायला घेतलं की टाक्यांच्या आधी मी जागा आणि प्रमाण बघते. टाके हाताला बसतात, महिनाभरात कुणाच्याही. पात्राची ओळख मात्र कुठली गोष्ट कुठे आहे आणि कशाच्या मानाने केवढी आहे यावर ठरते. या लेखात एक कर्बी सुरुवातीपासून शेवटपर्यंत विणू आणि जिथे ही ओळख घडते किंवा बिघडते, तिथे जरा जास्त वेळ थांबू.

अशा विणलेल्या, भराव घातलेल्या छोट्या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात. शब्द जपानी आहे. 'अमी' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे भराव घातलेली बाहुली, या दोहोंतून तो तयार झाला. तंत्र फार साधं आहे. एकच टाका, तोही गोल गोल, न थांबता. वाढवला की कापड पसरतं, घटवला की आवळतं. खांब, जाळी, नक्षी यातलं काही आलं नाही तरी चालतं.

आधी पात्र निवडा, नीट

जुन्या गेममधली पात्रं क्रोशाला इतकी का मानवतात, याचं कारण त्यांच्या जन्मातच आहे. १९८१ साली 'डाँकी काँग'मध्ये मारिओ पहिल्यांदा आला तेव्हा पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजके ठिपके होते. एवढ्याशा जागेत तोंड दाखवणं अवघड, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी आली. केस काढणं नको, म्हणून टोपी आली. हात हलताना वेगळे दिसावेत, म्हणून विजार अंगरख्याहून वेगळ्या रंगाची झाली. आपलंही तसंच असतं. आपल्या हातात मोजके टाके आहेत आणि तेवढ्यातच ओळख पटवायची आहे. मारिओ विणताना चेहऱ्याचे बारकावे सगळे सोडून द्या, पण टोपी, नाक, मिशी ठेवा. लांबूनसुद्धा तो मारिओच दिसेल.

कर्बीची गोष्ट तर आणखी जवळची. त्याचे निर्माते मासाहिरो साकुराई यांनी तो गोळा मुळात तात्पुरता काढला होता. खरं पात्र ठरेपर्यंत गेम चालवून बघायला काहीतरी हवं होतं म्हणून. पण त्यांना तो गोळाच आवडला आणि तोच नायक झाला. १९९२ साली गेम बॉयवर तो आला तेव्हा त्या यंत्राच्या पडद्याला रंगच नव्हते, इतके की अमेरिकेतल्या खोक्यावर कर्बी पांढरा छापला गेला. म्हणजे रंगाच्या आधी लोकांनी त्याला आकारावरून ओळखलं. पहिल्या खेळण्यासाठी याहून चांगलं पात्र मला तरी सुचत नाही. एक गोळा, दोन छोटे हात, दोन पाय आणि चेहरा, एवढंच काम.

दुसरं कुठलं पात्र मनात असेल तर एक चाचणी करा. पात्राचं चित्र समोर ठेवून फक्त बाह्यरेषा काळ्या पेनने भरून टाका. त्या काळ्या सावलीवरून पात्र ओळखू येत असेल तर ते विणायला सोपं जाईल. ओळखू येत नसेल तर त्याची ओळख कपड्यांच्या नक्षीत किंवा चेहऱ्याच्या बारकाव्यात आहे असं समजा. तसली पात्रं चार-पाच खेळणी झाल्यावर घ्या. त्यानंतर चित्राकडे बघून तीन गोष्टी लिहून काढा, ज्या काढून टाकल्या तर ते पात्र उरणारच नाही. कर्बीच्या बाबतीत माझी यादी अशी आहे: उंच लंबगोल डोळे, मोठे लाल पाय, डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला गालांची लाली. गोल आकार या यादीत मी धरत नाही, तो तर पायाच आहे. चित्रं समोरून, बाजूने आणि मागून अशी तिन्ही जमवा. बाजूचं चित्र सगळे विसरतात आणि मग पाय किती पुढे लावायचे हे कळत नाही.

धागा, सुई आणि बाकीचं

पहिल्या खेळण्यासाठी सुती किंवा सुती-ॲक्रिलिक मिश्र धागा घ्या, मध्यम जाडीचा, ज्याला डीके म्हणतात तो. रंग फिका. काळ्या किंवा गडद निळ्या धाग्यात टाके दिसत नाहीत, आणि न दिसणारे टाके मोजता येत नाहीत. मखमली, केसाळ धागा बाहुली झाल्यावर सुंदर दिसतो हे खरं, पण त्यात टाका बोटांनी चाचपून शोधावा लागतो. तो पुढच्यासाठी ठेवा. ५० ग्रॅमचा गुलाबी गुंडा एका कर्बीला पुरून उरतो. पायांसाठी लाल धागा थोडासाच लागतो.

सुई मात्र गुंड्याच्या कागदावर लिहिलेल्या मापाची घेऊ नका. ते माप मफलर, स्वेटर अशा मऊ, लवचिक कापडासाठी असतं. आपल्याला घट्ट कापड हवं आहे, आतला भराव डोकावता कामा नये. डीके धाग्याला कागदावर साधारण ४ मिलिमीटरची सुई सांगितलेली असते, अमिगुरुमीसाठी मी २.५ मिलिमीटरची घेते. हात फार आवळून विणणाऱ्यांनी ३ची घ्यावी. कापड ताणून उजेडासमोर धरा. टाक्यांमधून उजेडाचे ठिपके स्पष्ट दिसले तर सुई आणखी लहान हवी.

याशिवाय टाक्यांच्या खुणेसाठी स्टिच मार्कर (नसेल तर वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन), मोठ्या नाकाची बोथट सुई, गोल डोक्याच्या टाचण्या, पॉलिएस्टरचा भराव आणि डोळ्यांसाठी काळं, पांढरं व निळं फेल्ट कापड लागेल. भरावासाठी कापूस वापरू नका. तो धुतल्यावर गोळा होतो आणि लवकर वाळतही नाही. कापडाच्या चिंध्या घातल्या तर बाहेरून उंचवटे दिसतात.

टाका आणि पॅटर्नची भाषा

लागणारा टाका एकच, सिंगल क्रोशे. सुई टाक्यात घाला, धागा ओढून घ्या, सुईवर दोन फास होतील, पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून बाहेर काढा. झाला टाका. विणलेल्या कडेकडे वरून पाहिलं तर टाक्यांची वेणी दिसते. त्या वेणीचा एक पेर म्हणजे एक टाका, आणि सुई पेराच्या दोन्ही धाग्यांखालून जायला हवी. एकाच धाग्याखालून गेली तर कापडावर आडवी रेघ उमटते. कधी कधी ती रेघ मुद्दाम हवी असते, ते पुढे येईल.

इथे एक बारकावा आहे आणि तो सांगायला मला फार आवडतो. टाक्यातून धागा ओढताना तो सुईवर दोन प्रकारे घेता येतो. नेहमीच्या पद्धतीने धागा सुईच्या वरून येतो आणि टाका इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो. सुईच धाग्याच्या वरून नेऊन आकडीने धागा खालून धरला, तर टाका फुलीसारखा पडतो. फुलीचे टाके किंचित लहान आणि घट्ट असतात, ओळीत नेटके दिसतात, आणि पिक्सेलच्या चौकटींची आठवण करून देतात. गेमच्या पात्रांसाठी मी फुलीच वापरते. तुम्ही कुठलीही पद्धत घ्या, पण एका खेळण्यात ती बदलू नका. डोकं एका पद्धतीने आणि हात दुसऱ्या पद्धतीने विणले तर मापं जुळत नाहीत.

वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन सिंगल. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक. घट करताना सुई पुढच्या दोन टाक्यांच्या फक्त समोरच्या धाग्यांखालून घाला, आधी एकाच्या, लगेच दुसऱ्याच्या. मग धागा घेऊन दोन्हींतून ओढा आणि नेहमीसारखा टाका पुरा करा. अशी घट बाहेरून दिसत नाही. दोन्ही धागे उचलून केलेल्या घटीत छोटं भोक राहतं आणि त्यातून पांढरा भराव डोळ्यांत भरतो.

तयार इंग्रजी पॅटर्न वापरणार असाल तर एक खबरदारी घ्या. अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत 'सिंगल' नावाचा टाका वापरत नाहीत, त्यामुळे पॅटर्नमध्ये कुठेही 'एससी' (सिंगल क्रोशेचं लघुरूप) दिसलं तर तो अमेरिकी समजा. ब्रिटिश पॅटर्नमधला 'डीसी' (डबल क्रोशे) अमेरिकी डबल, म्हणजे उंच खांब, समजून विणलात तर बाहुली लांबुडकी आणि जाळीदार होईल, आणि चूक कुठे झाली तेही कळणार नाही.

अंग

सुरुवात मॅजिक रिंगने. धाग्याचा एक वेढा बोटाभोवती घ्या, त्या वेढ्यातून धागा ओढून एक साखळी घाला (सुईवरच्या फासातून धागा एकदा ओढला की एक साखळी) आणि वेढ्यातच ६ सिंगल विणा. मग धाग्याचं मोकळं टोक ओढलं की मधलं भोक मिटतं. हे पहिल्यांदा जमत नसेल तर २ साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ सिंगल विणा. मध्ये बारीकसं भोक राहील. ते डोक्यावर दिसू नये म्हणून शेवटी टोकाच्या धाग्याने शिवून घ्या.

यापुढे फेरी जोडायची नाही, गोगलगाईच्या शंखासारखं सलग विणत जायचं. म्हणूनच मार्कर हवा. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात तो घाला, फेरी संपली की काढून नव्या पहिल्या टाक्यात घाला. कंसातला आकडा म्हणजे फेरी संपल्यावरचे एकूण टाके.

फेरी १: रिंगमध्ये ६ सिंगल (६)
फेरी २: प्रत्येक टाक्यात वाढ (१२)
फेरी ३: १ सिंगल, १ वाढ, असं ६ वेळा (१८)
फेरी ४: १ सिंगल, १ वाढ, १ सिंगल, असं ६ वेळा (२४)
फेरी ५: ३ सिंगल, १ वाढ, असं ६ वेळा (३०)
फेरी ६: २ सिंगल, १ वाढ, २ सिंगल, असं ६ वेळा (३६)
फेरी ७: ५ सिंगल, १ वाढ, असं ६ वेळा (४२)
फेरी ८ ते १४: प्रत्येक टाक्यात १ सिंगल (४२)
फेरी १५: ५ सिंगल, १ घट, असं ६ वेळा (३६)
फेरी १६: २ सिंगल, १ घट, २ सिंगल, असं ६ वेळा (३०)
फेरी १७: ३ सिंगल, १ घट, असं ६ वेळा (२४)
फेरी १८: १ सिंगल, १ घट, १ सिंगल, असं ६ वेळा (१८)
इथे थांबून भराव घाला.
फेरी १९: १ सिंगल, १ घट, असं ६ वेळा (१२)
फेरी २०: ६ घटी (६)

फेरी ४ आणि ६ मध्ये वाढ मध्यावर का घेतली आहे? सगळ्या वाढी एकावर एक आल्या तर सहा कोपरे तयार होतात आणि गोळ्याचा षटकोन होतो. एक फेरी सोडून एक सरकवल्या की कोपरे विरून जातात. पुष्कळ पॅटर्नमध्ये ही काळजी घेतलेली नसते. तिथे तुम्ही आपणहून सरकवा, टाक्यांच्या संख्येत फरक पडत नाही.

आकड्यांमागचं गणितही समजून घ्या, म्हणजे पुढे कुठल्याही मापाचा गोळा स्वतः आखता येईल. सिंगलचा टाका साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. गोळ्याचा घेर ४२ टाके असेल, तर डोक्यापासून बुडापर्यंतचं अंतर घेराच्या निम्मं, म्हणजे सुमारे २१ फेऱ्या. त्याचे तीन सारखे भाग करा: ७ फेऱ्या वाढीच्या, ७ सरळ, ७ घटीच्या. शेवटची फेरी धागा आवळून मिटवताना भरून निघते, म्हणून आपल्या २० होतात. घेर ३० हवा? मग ५, ५, ५. सरळ फेऱ्या वाढवल्या की अंडं होतं, कमी केल्या की दाबलेली पुरी. वरच्या धाग्या-सुईत हा गोळा साडेसहा-सात सेंटिमीटरचा होतो.

आणखी एक गोष्ट पाचव्या फेरीच्या सुमाराला तपासा, कारण नंतर उशीर होतो. विणलेला भाग वाटीसारखा वळायला लागतो तेव्हा कुठली बाजू बाहेर आहे? व्ही किंवा फुल्या दिसणारी बाजू बाहेर हवी, आडव्या दांड्या दिसणारी आत. सुई बाहेरून आत जायला हवी आणि तुम्ही आपल्या जवळची कड विणत असायला हवं. पलीकडची कड विणत असाल तर वाटी उलटी आहे. बोटाने ढकलून पालटा आणि पुढे चला.

टाके फेरी संपताच मोजा. एखादा टाका कमी-जास्त निघाला तर पुढच्या फेरीत भरपाई करायचा मोह होतो. सरळ फेऱ्यांमध्ये तो खपून जातो, वाढीच्या फेऱ्यांमध्ये नाही, तिथे उसवा. क्रोशाचं हे सुख आहे की एका वेळी एकच फास जिवंत असतो. धागा ओढला की हवं तिथपर्यंत उसवतं आणि बाकीचं जागचं हलत नाही.

भराव

भराव बोटांनी पिंजून छोट्या पुंजक्यांनी घाला. आधी कडेकडेने, मग मध्ये. एकच मोठा गोळा कोंबला तर खेळण्याला खांदे आणि खड्डे येतात. किती भरायचं? वाटतं त्यापेक्षा जास्त, कारण भराव दिवसांनी बसतो. पण टाके ताणून त्यांच्यामधून पांढरं दिसायला लागलं की थांबा. फेरी १९ नंतर पेन्सिलच्या मागच्या टोकाने शेवटचे दोन-चार पुंजके बुडाशी सारा. नाहीतर बूड पोकळ राहतं आणि खेळणं बसवलं की एका अंगाला कलतं.

शेवटच्या ६ टाक्यांच्या समोरच्या धाग्यांमधून बोथट सुईने धागा ओवून आवळा, गाठ मारा आणि टोक गोळ्याच्या आरपार नेऊन कापडाच्या अगदी लगत कापा. ते आपोआप आत जातं.

हात आणि पाय

हात (गुलाबी, २):
फेरी १: रिंगमध्ये ६ सिंगल (६)
फेरी २: १ सिंगल, १ वाढ, असं ३ वेळा (९)
फेरी ३: २ सिंगल, १ वाढ, असं ३ वेळा (१२)
फेरी ४ व ५: प्रत्येक टाक्यात १ सिंगल (१२)

शिवायला वीतभर धागा ठेवून कापा. भराव अगदी थोडा.

पाय (लाल, २): हे लंबगोल आहेत म्हणून साखळीवर सुरू होतात. ५ साखळ्या घाला.
फेरी १: सुईपासून दुसऱ्या साखळीपासून ३ सिंगल, शेवटच्या साखळीत ३ सिंगल, आता वळून साखळीच्या खालच्या बाजूने २ सिंगल, शेवटच्यात २ सिंगल (१०)
फेरी २: १ वाढ, २ सिंगल, ३ वाढी, २ सिंगल, २ वाढी (१६)
फेरी ३ ते ५: प्रत्येक टाक्यात १ सिंगल (१६)
फेरी ६: २ सिंगल, १ घट, असं ४ वेळा (१२)

पाय घट्ट भरा, खेळण्याचा तोल त्यांच्यावर आहे. दुसरा पाय पहिल्यानंतर लगेच, त्याच बैठकीत विणा. हाताचा ताण दिवसागणिक बदलतो आणि सोमवारचा पाय गुरुवारच्या पायापेक्षा मोठा होऊ शकतो.

चेहरा: इथे घाई नको

आता शिवायचं काहीच नाही. डोळ्यांसाठी काळ्या फेल्टचे दोन उंच लंबगोल कापा, सुमारे पावणेदोन सेंटिमीटर उंच आणि पाऊण सेंटिमीटर रुंद. दोन्ही एकदम, कापडाची घडी घालून कापा म्हणजे जुळे होतील. वरच्या भागात पांढरा छोटा लंबगोल आणि खालच्या टोकाला निळी चंद्रकोर. मग टाचण्यांनी डोळे अंगावर लावा: वरची कड फेरी ८ शी, खालची फेरी ११ शी, मध्ये ४ टाके मोकळे. गोळ्याची बरोबर मध्यरेषा फेरी १० आणि ११ च्या आसपास आहे. म्हणजे डोळ्यांचा मोठा भाग मध्यरेषेच्या वर आला, पण खालचं टोक रेषेला टेकलं. माझ्या पहिल्या कर्बीचे डोळे फेरी ६ शी सुरू होत होते. दोनच फेऱ्यांचा फरक होता.

डोळे जितके खाली आणि जितके जवळ, तितकं पात्र लहान आणि गोड दिसतं. वर गेले की मोठं, गंभीर वाटतं. हे सगळ्याच पात्रांना लागू आहे, त्यामुळे खलनायक विणायचा असेल तर डोळे वर न्या.

टाचण्या लावल्यावर खेळणं हातभर लांब ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटोत तिरकेपणा लगेच दिसतो, जो हातात धरून बघताना दिसत नाही. मूळ चित्राशेजारी फोटो ठेवा. एक टाका डावीकडे, अर्धी फेरी खाली, असं करत राहा. मी यावर कधी कधी अंगाच्या विणकामाइतकाच वेळ घालवते आणि तो वेळ मला खरोखर आनंदाचा वाटतो, कारण नुसत्या गोळ्याचं पात्र होताना इथेच दिसतं.

समाधान झालं की काळ्या शिवणदोऱ्याने बारीक टाके घालून डोळे शिवा. नुसत्या गोंदावर सोडू नका. तोंड फेरी १२-१३ वर, दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये, गडद लाल दोऱ्याचं छोटं हसू. गालांची लाली फेरी ११-१२ वर, डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला, गडद गुलाबी धाग्याचे दोन-तीन आडवे टाके. भरतकामाचा दोरा अंगात घालताना बुडाकडून, जिथे पाय येणार तिथून सुई आत घाला आणि चेहऱ्यावर काढा. शेवटी टोकही तिथेच आणा. गाठी पायांखाली झाकल्या जातात.

प्लॅस्टिकचे सेफ्टी डोळे वापरायचे असतील तर क्रम बदलतो. त्यांची मागची चकती आतून बसवावी लागते, म्हणून ते फेरी १८ च्या आधीच लावा. आधी थोडा भराव तात्पुरता घालून जागा ठरवा, मग काढून चकती दाबा. एकदा दाबली की ती निघत नाही. खेळणं ३ वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर सेफ्टी डोळे, मणी, बटणं काहीच नको, फेल्टही नको. सगळा चेहरा दोऱ्याने भरा आणि हात-पाय दुहेरी शिवा.

पाय फेरी १७ ते १९ च्या पट्ट्यात, थोडे पुढे आणि चवडे बाहेर वळवून लावा. शिवण्याआधी टाचण्यांवरच खेळणं टेबलावर उभं करा. मागे पडत असेल तर पाय किंचित मागे घ्या. हात फेरी १० ते १२ वर दोन बाजूंना. मला एक हात वर उचललेला आवडतो, कर्बी हाक मारतोय असं वाटतं. शिवताना अंगाचा एक टाका, हाताच्या कडेचा एक टाका, असं आलटून पालटून गोल फिरा, आणि मिटण्याआधी भरावाचा शेवटचा पुंजका सारा.

गोल नसलेली पात्रं

कर्बी झाला की 'पॅक-मॅन'मधली भुतं घ्या. १९८० च्या त्या गेममध्ये चार भुतं आहेत, लाल, गुलाबी, आकाशी आणि नारिंगी. चौघांचं अंग एकच, म्हणजे एक पॅटर्न पाठ होईपर्यंत विणता येतो. वरच्याप्रमाणे ३६ टाक्यांपर्यंत वाढवा, मग १२ फेऱ्या सरळ. तळाची लाट काढण्यासाठी पुढची फेरी फक्त समोरच्या धाग्यांत विणा: १ सिंगल, १ हाफ डबल, २ डबल, १ हाफ डबल, १ स्लिप, असं ६ वेळा (नावं अमेरिकी आहेत: डबल म्हणजे खांब, हाफ डबल म्हणजे अर्धा खांब, स्लिप म्हणजे टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून धागा एकदमच ओढणं). ३६ टाक्यांची वेगळी सपाट चकती विणून भराव घातल्यावर ती आतल्या मोकळ्या धाग्यांना शिवा. मघाशी म्हटलेली ती मुद्दामची रेघ इथे कामाला येते.

'माइनक्राफ्ट' या ठोकळ्यांच्या गेममधला हिरवा क्रीपर मात्र गोल विणू नका. गोल विणकामात टाके दर फेरीला थोडे एका बाजूला सरकतात, त्यामुळे उभ्या कडा पिळवटतात आणि चेहऱ्याचे चौकोन तिरके होतात. त्याचे सपाट तुकडे ओळींनी विणा. डोक्यासाठी १२ टाक्यांचे सहा चौकोन. चौकोन झाला की नाही हे ओळी मोजून ठरवू नका, कर्णावर दुमडून बघा. कडा बाहेरून सिंगलने जोडल्या तर धारदार उठतात. आत प्लॅस्टिक कॅनव्हासचे (भोकाभोकांच्या ताठ प्लॅस्टिक जाळीचे) तुकडे घातले तर बाजू फुगत नाहीत. चेहऱ्याचा रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाने घ्या, नाहीतर प्रत्येक चौकोनाच्या कडेला आधीचा रंग अर्धा टाका घुसतो.

या क्रीपरचा जन्म चुकीच्या मापातून झाला. 'माइनक्राफ्ट'चे निर्माते मार्कस पेर्सन डुकराची आकृती करत होते, त्यात लांबी आणि उंचीची अदलाबदल झाली आणि उभं, विचित्र काहीतरी समोर आलं. म्हणून क्रीपर विणताना उंचीत काटकसर करू नका. अंग आखूड झालं की तो कुठलाही हिरवा ठोकळा होतो.

पात्र मोठं किंवा लहान हवं असेल तर पॅटर्नचे टाके बदलण्यापेक्षा धागा आणि सुई बदला. त्याच २० फेऱ्या जाड धाग्याने आणि ५ मिलिमीटरच्या सुईने विणल्या तर कर्बी जवळपास दुप्पट होतो आणि प्रमाण जागच्या जागी राहतं. फक्त डोळ्यांचं फेल्ट त्याच पटीत मोठं कापायचं लक्षात ठेवा.

ही पात्रं ज्या कंपन्यांची आहेत, त्यांचे हक्क त्यांच्याकडेच असतात. स्वतःसाठी विणणं, मित्राला भेट देणं ही एक गोष्ट आणि परवानगीशिवाय विकायला ठेवणं ही दुसरी. कुणाचा पॅटर्न विकत घेतला असेल तर त्यातल्या अटीही वाचा, कारण पॅटर्न लिहिणाऱ्याचे हक्क वेगळे असतात.

खेळणं मळलं तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत, अधूनमधून पालटत वाळवा. लाल पायांचा रंग गुलाबी अंगावर उतरू शकतो, तेव्हा विणण्याआधीच लाल धाग्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा.